आपल्या पुस्तकांच्या कपाटातले हर्मन

पदपाठ

नमस्कार मंडळी. मी संस्कृत शिकवते. ऋग्वेदातल्या एखाद्या शब्दाशी अडलं की माझा हात आपोआप ज्या जाडजूड कोशाकडे जातो, तो हर्मन ग्रासमन यांचा. त्याच्या शेजारी जैन आगमांची भाषांतरं, ती हर्मन याकोबींची. पाली विनयपिटकाचे पाच खंड संपादित केले हर्मन ओल्डेनबर्ग यांनी. कथासरित्सागराची छापील आवृत्ती १८३९ पासून काढायला घेतली ती हर्मन ब्रोकहाउस यांनी. मागच्या आठवड्यात एक विद्यार्थिनी कपाटासमोर उभी राहून पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचत होती. तिने विचारलं, "मॅडम, हे सगळे एकाच घरातले का?"

आडनावं वेगळी असल्यामुळे एका घरातले नाहीत एवढं सांगून मी मोकळी झाले. पण घरी आल्यावरही प्रश्न डोक्यातून जाईना. एकाच नावाची इतकी माणसं एकाच कामाला कशी लागली? आठ दिवस त्याच नादात होते. जे हाती लागलं ते इथे मांडते, तुमच्याकडचं तुम्ही सांगा.

आधी नावाबद्दल. जर्मन लोक याचा उच्चार 'हेर्मान'च्या जवळपास करतात, आपल्याकडे 'हर्मन' रुळलं आहे, म्हणून मी तेच लिहिते. जुन्या जर्मन भाषेतल्या 'हेरि' म्हणजे सैन्य आणि 'मान' म्हणजे माणूस या दोन शब्दांचं हे नाव. सेनेतला माणूस, शिपाईगडी. आजच्या जर्मनमध्येही सैन्याला 'हेअर' म्हणतात. हा 'हेरि' कुठे कुठे लपून बसला आहे ते बघताना मला फार आनंद झाला. 'वाल्टर' या नावात तो शेवटी आहे, 'ग्युंटर'मध्येही शेवटी आहे. 'हेर्बेर्ग' म्हणजे मुळात सैन्याचा निवारा, पुढे साधी धर्मशाळा. त्याच शब्दापासून फ्रेंचांचं 'ओबेर्ज' आणि इटालियनांचं 'अल्बेर्गो' झालं. 'हेर्त्सोग', म्हणजे इंग्रज ज्याला ड्यूक म्हणतात तो, शब्दशः सैन्याला पुढे घेऊन जाणारा. सेना आणि नी धातू मिळून आपला 'सेनानी' जसा झाला, तसाच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच समास घडवला!

'मान'बद्दल तर आपल्याला परकेपणा वाटायचं कारणच नाही. तो आपल्या 'मनु'चा भाऊबंद आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांबद्दल लिहिताना नोंदवलं आहे की हे लोक आपल्या जुन्या गाण्यांतून 'मानुस' नावाच्या मूळपुरुषाचं गुणगान करतात, आणि सगळ्या टोळ्या त्याच्या तीन मुलांपासून झाल्या असं मानतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते. कुठली ऱ्हाइन नदी आणि कुठला आपला मनु.

आता माझ्या लाडक्या ग्रासमनबद्दल, कारण धागा काढण्याचं खरं कारण तेच आहेत. जन्म १८०९, श्टेटिन गावचा (आता ते पोलंडमध्ये आहे, श्चेचिन). आयुष्यभर शाळेत शिकवलं, विद्यापीठातली जागा कधी मिळाली नाही. १८४४ मध्ये त्यांनी गणितावर एक पुस्तक लिहिलं. आज सदिश आणि रेषीय बीजगणित म्हणून इंजिनियरिंगची मुलं जे शिकतात त्यातल्या कितीतरी कल्पना त्यात होत्या. पुस्तक कुणाला कळलं नाही. खप जवळजवळ नव्हताच. १८६४ मध्ये प्रकाशकाने उरलेल्या सुमारे ६०० प्रती रद्दीत काढल्या. मधल्या काळात त्यांनी पदरच्या पैशाने पुस्तक नव्याने लिहून छापलं, तेही तसंच पडून राहिलं.

हा माणूस मग संस्कृतकडे वळला. १८७३ ते १८७५ या काळात ऋग्वेदाचा कोश आला. ऋग्वेदातला प्रत्येक शब्द, त्याचं प्रत्येक रूप, ते कुठल्या मंडलात, कुठल्या सूक्तात, कितव्या ऋचेत आलं आहे याची नोंद. संगणक नाही, कार्डं आणि शाई. त्यापाठोपाठ सगळ्या ऋग्वेदाचं जर्मन पद्यात भाषांतर. १८७६ मध्ये ट्युबिंगेन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, पुढच्याच वर्षी ते गेले. गणिताने दारातूनच परत पाठवलं आणि वेदांनी घरात घेतलं, असं मला त्यांच्याबद्दल नेहमी वाटतं.

दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कोशाची छपाई आजही वर्गात रोज उघडली जाते. तुमच्या ओळखीचे हर्मन कोण?


सहज_सुचलं

फार सुंदर लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न विचारते. आपल्या हरमनप्रीत कौरमधलं 'हरमन' आणि हे हर्मन यांचा काही संबंध?


पदपाठ

बाळबोध मुळीच नाही, माझ्या मनात तोच प्रश्न आला होता. संबंध नाही. तिच्या नावातला 'हर' हा हरी, म्हणजे देव, आणि 'मन' हे आपलंच मन. शीख नावांत हर आणि मन दोन्ही पुष्कळदा येतात. जर्मन 'मान' मात्र माणूस या अर्थाचा. 'मनु' हा शब्दच मन् या विचार करण्याच्या धातूपासून आला, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती धरली तर दोन्ही नावांचे शेवट फार मागे कुठेतरी एकत्र येतील. पण सुरुवात निराळीच.


वाटसरू_बीलेफेल्ड

पदपाठताई, धागा बघून राहवलं नाही. मी गेली नऊ वर्षं बीलेफेल्डमध्ये आहे, आणि आमच्या गावात हर्मनशिवाय पान हलत नाही.

गावापासून थोड्या अंतरावर डेटमोल्डजवळ एका टेकडीवर हर्मनचा पुतळा आहे. चौथऱ्यासकट उंची ५३ मीटरहून जास्त, तांब्याच्या पत्र्याचा, हातात उगारलेली ७ मीटरची तलवार. हा हर्मन म्हणजे आर्मिनियस, चेरुस्की टोळीचा सरदार. इ. स. ९ मध्ये ट्युटोबुर्ग जंगलात त्याने वारुस या रोमन सेनापतीच्या तीन लीजन, म्हणजे मोठ्या रोमन पलटणी, कापून काढल्या. सतरावी, अठरावी आणि एकोणिसावी. रोमनांनी ते आकडे पुन्हा कुठल्याही लीजनला दिले नाहीत.

गोष्ट अशी की आर्मिनियस रोमनांच्याच सैन्यात वाढलेला. त्याला रोमन नागरिकत्व होतं, रोमन सरदारकी होती, वारुसचा त्याच्यावर विश्वास होता. रोमनांची कवायत, त्यांची चाल, त्यांचा दमसास त्याला आतून ठाऊक होता. म्हणून त्याने त्यांना मोकळ्या मैदानात गाठलंच नाही. अरुंद वाट, एका बाजूला टेकडी, दुसरीकडे दलदल, वरून पाऊस. मावळातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्याच्या घरची कहाणी मला जास्त चटका लावते. बायको थुस्नेल्डा हिला तिच्या सख्ख्या बापाने, सेगेस्टेसने, इ. स. १५ मध्ये रोमनांच्या स्वाधीन केलं. ती तेव्हा गरोदर होती. दोन वर्षांनी रोममध्ये जी विजययात्रा निघाली तीत तिला आणि लहानग्या मुलाला चालवलं, आणि बाप सेगेस्टेस मानाच्या जागी बसून बघत होता. आर्मिनियसचा भाऊ फ्लावुस शेवटपर्यंत रोमनांकडूनच लढला. आर्मिनियसला पुढे त्याच्या नातलगांनीच मारलं, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

पुतळा एर्न्स्ट फॉन बांडेल या शिल्पकाराने उभा केला. १८३८ मध्ये सुरू केला आणि १८७५ मध्ये संपवला, ३७ वर्षं. मध्ये पैसे संपले, काम अनेक वर्षं थांबलं. शेवटची वर्षं तो पुतळ्याच्या पायथ्याशी एका लाकडी झोपडीत राहत होता, ती झोपडी अजून आहे.

दर वर्षी एप्रिलअखेर पुतळ्यापासून आमच्या गावच्या श्पारेनबुर्ग किल्ल्यापर्यंत ३१.१ किलोमीटरची शर्यत असते, 'हर्मन्सलाउफ'. मी दोनदा धावलो आहे. आणि गावचा फुटबॉल क्लब, १९०५ चा, त्याचं नाव आर्मिनिया बीलेफेल्ड. २०२५ मध्ये तिसऱ्या विभागात असताना आम्ही जर्मन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो. हरलो श्टुटगार्टकडून, पण त्या रात्री बर्लिनहून परतताना गाडीत एकही माणूस झोपला नव्हता.


तळटीप

वाटसरू, वर्णन आवडलं. पण एक गाठ सोडवायला हवी. आर्मिनियस म्हणजे हर्मन नव्हे.

मधली हजार-बाराशे वर्षं जर्मन लोकांना आर्मिनियस जवळजवळ ठाऊकच नव्हता. टॅसिटसच्या 'अॅनल्स'चे पहिले खंड कॉर्व्हेच्या मठात एकाच हस्तलिखितात पडून होते. ते सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रोमला पोचलं आणि १५१५ मध्ये छापलं गेलं. त्यात टॅसिटसने आर्मिनियसला जर्मानियाचा निःसंशय मुक्तिदाता म्हटलं आहे. जर्मनीतल्या विद्वानांना हा माणूस एकदम सापडला. त्याच सुमाराला मार्टिन ल्यूथरच्या मंडळींनी रोमच्या पोपशी भांडण मांडलं होतं. रोमला हरवणारा आपला पूर्वज हवाच होता. आर्मिनियस हे लॅटिन वळणाचं नाव, त्याचं मूळ जर्मन रूप 'हेअर-मान', म्हणजे हर्मन असणार, असं ल्यूथरने मांडलं आणि ते चिकटलं.

भाषाशास्त्राला ते पटत नाही. पहिल्या शतकात 'हेरि'चं रूप 'हार्य' असं काहीतरी होतं, त्याचं लॅटिनमध्ये 'आर्मि' होत नाही. आर्मिनियस हे एकतर त्याला मिळालेलं रोमन नाव असावं, किंवा 'इर्मिन' म्हणजे महान, सकल, या शब्दाशी जोडलेलं.

म्हणजे हर्मन हे नाव खरंच जुनं आणि अर्थही तोच, पण त्याला जो मान मिळाला तो चुकून मिळालेला. ताईंच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. नेपोलियनने जर्मन राज्यं तुडवली त्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हा रोमला हरवणारा हर्मन फार प्रिय झाला. ब्रोकहाउस १८०६ चे, ग्रासमन १८०९ चे. पुढे याकोबी १८५०, ओल्डेनबर्ग १८५४. शतकभर जर्मन घरांत हर्मन जन्माला येत होते आणि त्याच शतकात जर्मन विद्यापीठांत संस्कृत शिकवायला लागले होते. दोन लाटा एकावर एक आल्या.


वाटसरू_बीलेफेल्ड

तळटीप, मान्य. इथल्या संग्रहालयातही हेच लिहिलेलं आहे. लढाईची जागाही बहुधा पुतळ्याजवळ नव्हतीच. १९८७ मध्ये टोनी क्लन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला ओस्नाब्रुकजवळ काल्क्रीझ इथे धातुशोधक यंत्र घेऊन हिंडताना रोमन नाणी आणि गोफणीच्या शिशाच्या गोळ्या सापडल्या. त्यानंतर तिथे खणल्यावर हाडं, शस्त्रं, चांदीचा पातळ पत्रा बसवलेला एक लोखंडी मुखवटा असं खूप काही निघालं. बहुतेक अभ्यासक आता ती जागा धरतात. काहींचं अजून वेगळं मत आहे.

तुमच्या मुद्द्याची उलटी बाजूही सांगतो. हॉलंडमध्ये याकोप हर्मन्सझोन नावाचा धर्मशास्त्री होऊन गेला. त्याने आपल्या बापाच्या 'हर्मन' नावाचं लॅटिन रूप घेतलं 'आर्मिनियस'. त्याच्या नावावरून प्रोटेस्टंटांतला आर्मिनियन पंथ ओळखला जातो. म्हणजे चूक दोन्ही दिशांनी नांदली. आणि चित्रकार रेम्ब्रांटचं पूर्ण नाव रेम्ब्रांट हार्मेन्सझोन फान राइन. हार्मेन म्हणजे हर्मनच. बापाचं नाव मधे लावायची पद्धत त्यांच्याकडेही होती.


चिंतामणीकाका

पदपाठताई, याकोबींचा उल्लेख एका ओळीत आटोपलात, हे मला सोसवलं नाही. रागावू नका. सांगलीला आमच्या घरी वडिलांनी जपलेला टिळकांचा 'ओरायन' होता, त्यामुळे हे नाव माझ्या कानावर लहानपणापासून आहे.

१८९३ साली लोकमान्यांचा 'ओरायन' निघाला. वेदांतल्या काही वचनांत वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य आकाशात जिथे असतो ती जागा) मृगशीर्षात असल्याच्या खुणा आहेत, तेव्हा ते वाङ्मय ख्रिस्तपूर्व ४००० च्या आसपासचं असलं पाहिजे, असा त्याचा गाभा. त्याच वर्षी बॉनमध्ये बसलेल्या हर्मन याकोबींनी ऋग्वेदाच्या काळावर लेख लिहिला आणि संपातचलनाच्या, म्हणजे ती जागा हळूहळू सरकत जाते त्या गणिताच्या, त्याच वाटेने ते जवळपास त्याच काळाला पोचले. एकाला दुसऱ्याचं काम माहीत नव्हतं. पुण्यात एक, बॉनमध्ये एक. पुढच्या वर्षी गेओर्ग ब्यूलर यांनी 'इंडियन अँटिक्वरी'त दोघांच्या कामावर मिळून टिपण लिहिलं आणि दोघांच्या बाजूने कौल दिला. ब्यूलर म्हणजे आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले पूर्वीचे प्राध्यापक. तरुण याकोबींना १८७३-७४ मध्ये जैसलमेरच्या हस्तलिखितांच्या शोधात बरोबर घेऊन गेले होते ते हेच.

आणि आता ऐका. याकोबींना सगळ्यात कडक विरोध केला तो हर्मन ओल्डेनबर्ग यांनी! वेदकाळचे लोक संपातबिंदूकडे बघून वर्ष मोजत होते हेच त्यांना मान्य नव्हतं. १८९४ मध्ये त्यांनी उत्तर दिलं आणि दोन हर्मन जर्मन नियतकालिकांत वेदांच्या वयावरून भांडत राहिले. आज अभ्यासकांचा कल ओल्डेनबर्गकडे आहे हे मी जाणतो. मी टिळकांवर प्रेम करणारा माणूस आहे, तरी ते लिहितो. पण मृग नक्षत्राकडे बघून ज्यांना एकच कल्पना सुचली, त्या दोघांची भेट व्हायला हवी होती असं मला वाटत राहतं.


पदपाठ

काका, रागावणं कसलं, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. माझंच चुकलं. भरपाई म्हणून दोन गोष्टी.

एक, जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा आहे असं युरोपातले मोठमोठे पंडित धरून चालले होते. याकोबींनी १८७९ च्या कल्पसूत्राच्या प्रस्तावनेत पाली आणि जैन ग्रंथ शेजारी ठेवून दाखवलं की महावीर आणि बुद्ध वेगळे आणि जैन परंपरा स्वतंत्र, बुद्धाच्याही आधीपासूनची. पुढे आचारांग, उत्तराध्ययन, सूत्रकृतांग यांची भाषांतरं १८८४ आणि १८९५ मध्ये आली.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. १८८६ मध्ये याकोबींनी महाराष्ट्री प्राकृतातल्या निवडक कथांचं पुस्तक काढलं, व्याकरण आणि शब्दकोशासह. जर्मन विद्यार्थ्यांना प्राकृत शिकवण्यासाठी. पुस्तकाच्या शीर्षकातच 'महाराष्ट्री'. उत्तराध्ययनावरच्या देवेंद्रांच्या टीकेतल्या कथा आहेत त्या. भाषा जैन महाराष्ट्री, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीची धाकटी बहीण म्हणा. बॉनच्या थंडीत कुणीतरी ती रूपं पाठ करत असेल हे चित्र मला फार आवडतं.


पश्चिमवारा

माझी बँकेची बदली चार वर्षं कण्णूरला होती, त्यामुळे माझा हर्मन तिकडचा. हर्मन गुंडर्ट, जन्म श्टुटगार्ट, १८१४. १८३६ मध्ये भारतात आले आणि १८३९ पासून तलश्शेरीच्या इल्लिक्कुन्नूवर बाझेल मिशनच्या बंगल्यात राहिले. धर्मप्रचारासाठी आलेला माणूस, पण भाषेत असा बुडाला की मल्याळमचं व्याकरण लिहिलं आणि १८७२ मध्ये मल्याळम-इंग्रजी कोश काढला. १८४७ मध्ये त्याच टेकडीवरून 'राज्यसमाचारम्' निघालं, मल्याळममधलं पहिलं वर्तमानपत्र. तलश्शेरीत त्यांचा पुतळा आहे. रिक्षावाल्याला 'गुंडर्ट' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

तिथून फार लांब नाही, मंगळूरला, त्यांचेच मिशनमधले सोबती हर्मन म्योग्लिंग. त्यांनी १८४३ मध्ये 'मंगळूर समाचार' काढलं, ते कन्नडमधलं पहिलं. दोन शेजारी भाषांची पहिली वर्तमानपत्रं काढणारे दोघेही हर्मन! आपल्या मराठीत बाळशास्त्रींनी १८३२ मध्येच 'दर्पण' काढलं होतं, हे लिहिताना ऊर भरून येतो.

गुंडर्टांची मुलगी मारी १८४२ मध्ये मलबारातच जन्मली. तिचा मुलगा म्हणजे लेखक हर्मन हेसे, जन्म १८७७, काल्व गावचा. नाव आईकडच्या आजोबांचं, आणि वडिलांकडच्या डॉक्टर आजोबांचंही नाव कार्ल हर्मन. दोन्हीकडून तेच आलं. गुंडर्ट परत जाऊन काल्वमध्येच राहत होते. नातवाचं बालपण त्यांच्या भारतीय पुस्तकांच्या आणि मूर्तींच्या घरात गेलं. १९११ मध्ये हेसे पूर्वेकडे निघाले. सिलोन, सुमात्रा, सिंगापूर झालं, तब्येत बिघडली आणि मलबार न बघताच परतले. आईचं जन्मगाव राहिलंच. अकरा वर्षांनी त्यांनी 'सिद्धार्थ' लिहिलं.

इल्लिक्कुन्नूच्या व्हरांड्यात उभं राहिलं की खाली नारळीची झाडं दिसतात. मी तिथे दर पावसाळ्यात एकदा तरी जायचो.


शिशिर

सगळे चांगले हर्मन चालू आहेत म्हणून विचारतो. हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख हर्मन ग्योरिंग, त्याचं काय? आणि डेटमोल्डच्या पुतळ्याच्या तलवारीवर जर्मन ऐक्य म्हणजे माझं बळ आणि माझं बळ म्हणजे जर्मनीची सत्ता, अशा अर्थाची ओळ कोरली आहे. १८७५ मध्ये त्याच्या अनावरणाला कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, स्वतः आला होता. पुतळ्याचं तोंड फ्रान्सच्या दिशेला आहे. हे नाव निरागस नव्हतं. चुकीच्या व्युत्पत्तीवर उभा केलेला पूर्वज पुढे कुठे घेऊन गेला ते जगाने पाहिलं.


सयाजीबाग

शिशिर, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याच काळातला एक हर्मन आमच्या गावात येऊन राहिला होता, त्याच्याबद्दल सांगते.

हर्मन ग्योट्झ, कलेतिहासकार, जन्म १८९८. जर्मनी सोडून आधी नेदरलँड्सला गेले आणि १९३६ मध्ये भारतात आले. बडोद्याच्या म्युझियमचे ते संचालक झाले. सयाजीबागेतली ती इमारत ज्यांनी पाहिली आहे त्यांना दालनं आठवतील. युद्ध चालू असताना, १९४३ पासून, त्यांनी म्युझियमचं स्वतःचं नियतकालिक सुरू केलं. गायकवाडांच्या बडोद्यात बसून हा माणूस राजपूत आणि मोगल चित्रांवर लिहीत होता, आणि तिकडे त्याच नावाचा दुसरा माणूस शहरांवर विमानं धाडत होता. १९५४ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं, त्याचे पहिले प्रमुखही ग्योट्झच. आमच्या घरी मराठीत त्यांना 'गोएट्झसाहेब' म्हणायचे, आजोबा त्यांच्या व्याख्यानांना गेल्याचं सांगत.


तळटीप

त्यात गणितज्ञ हर्मन व्हाइल यांची भर घालतो. ग्योटिंगेनला हिल्बर्टच्या जागेवर होते. पत्नी ज्यू वंशाची. १९३३ मध्ये सगळं सोडून प्रिन्स्टनला गेले. आणि अवकाश व काळ यांना एका चौमितीय रचनेत बांधणारे हर्मन मिंकोव्हस्की, झुरिचला आइनस्टाइनचे शिक्षक, स्वतः ज्यू. १९०८ मध्ये कोलोनला त्यांनी ते व्याख्यान दिलं आणि १९०९ च्या जानेवारीत ४४ व्या वर्षी गेले. हर्मन हे नाव कुणा एका गटाच्या मालकीचं नव्हतं, ज्यू घरांतही ते तितक्याच प्रेमाने ठेवत.

शिशिर, तुमचं म्हणणं मी खोडत नाही. आज जर्मनीत हे आजोबांच्या पिढीचं नाव झालं आहे, आणि त्याला ती वर्षंही थोडीफार कारण असणार.


नेत्रांजन

मी डोळ्यांचा डॉक्टर. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या डोळ्यात बघताना जे उपकरण हातात असतं ते हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांचं, १८५१ सालचं. त्याआधी जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा नीट कुणी पाहिलाच नव्हता. बाहुली काळी का दिसते? बघणाऱ्याचं डोकंच प्रकाशाच्या आड येतं म्हणून. त्यांनी काचेचा तुकडा तिरका धरून उजेड आणि नजर एकाच रेषेत आणली. इतकं साधं. मधुमेहाने पडद्यावर झालेला रक्तस्राव वेळेवर दिसतो आणि एखाद्याची दृष्टी वाचते, तेव्हा त्यांची आठवण होते.


कडेकपारी

ट्रेकर मंडळींचा हर्मन एकच, हर्मन बूल. इन्सब्रुकचा. ३ जुलै १९५३, नंगा पर्वत, ८१२६ मीटर. त्या डोंगराने तोपर्यंत ३१ माणसं घेतली होती. बूल शेवटच्या तळावरून एकटा निघाला, प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय. संध्याकाळी शिखरावर पोचला आणि पुरावा म्हणून आपली बर्फाची कुऱ्हाड तिथेच ठेवून आला. उतरताना रात्र झाली. ८००० मीटरच्या आसपास एका अरुंद कपारीवर त्याने उभ्याने रात्र काढली, बसायलाही जागा नव्हती. त्या रात्री वारा पडला होता म्हणून जगला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. खाली आल्यावरचा त्याचा फोटो बघा, साठीचा म्हातारा वाटतो. चार वर्षांनी चोगोलिसावर बर्फाची कड तुटून गेला. कुऱ्हाड १९९९ मध्ये सापडली.

आणखी एक. श्लागिंटवाइट भावांतला थोरला हर्मन. हम्बोल्टच्या शिफारशीवरून ईस्ट इंडिया कंपनीने तिघा भावांना चुंबकीय सर्वेक्षणाला बोलावलं. १८५४ च्या ऑक्टोबरात ते आपल्या मुंबईला उतरले आणि दख्खनमधून मद्रासला गेले. पुढे हर्मन आणि रॉबर्ट यांनी कुनलुन पर्वत ओलांडला. मधल्या अॅडॉल्फला १८५७ मध्ये काशगरला मारलं.


मांडवी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी मडगावची. एक विचारायचं होतं. आमच्याकडे आर्मांदो हे नाव खूप आहे, फुटबॉलचे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो तुम्हाला ठाऊक असतील, धेंपो क्लबचे, २०११ मध्ये भारताच्या संघाचेही होते. आमच्या शेजारच्या घरात तीन पिढ्यांत दोन आर्मांदो आहेत. ते पोर्तुगीज नाव एवढंच आम्ही धरून चालतो. आता आर्मिनियस, हर्मन हे वाचून शंका आली.


तळटीप

मांडवीताई, शंका बरोबर आहे! आर्मांदो म्हणजे हर्मनच. जर्मन टोळ्या रोमन साम्राज्यात शिरल्या तेव्हा आपली नावं घेऊन शिरल्या. गॉलमध्ये फ्रँक, स्पेन-पोर्तुगालकडे गॉथ आणि सुएबी. तिथल्या लॅटिन बोलणाऱ्या लोकांना 'ह' म्हणता येत नव्हता, तो गळाला. फ्रेंचमध्ये 'आर्मां' झालं, पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये 'आर्मांदो', इटालियनमध्ये 'आर्मांदो' आणि 'एर्मान्नो' दोन्ही. मग जहाजातून मांडवीच्या तोंडाशी. स्पॅनिश 'हेर्मान' मात्र वेगळं, ते लॅटिन 'जर्मानुस'वरून आलं आहे. आणि 'हर्मायनी' ग्रीक हर्मीस देवावरून, तिचाही संबंध नाही.


मांडवी

देव बरें करूं. उद्या शेजारच्या आर्मांदोबाबांना सांगते. ते सत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना वाटतं की आपल्या नावाला अर्थच नाही.


पदपाठ

मंडळी, काल त्या विद्यार्थिनीला हा सगळा धागा वाचायला दिला. वाचून झाल्यावर तिने विचारलं, ग्रासमनच्या नावाने जो ध्वनिनियम सांगतात तो म्हणजे नक्की काय? फळ्यावर लिहून दाखवलं ते इथेही लिहिते, कारण इतक्या हर्मनांत माझ्या हर्मनचं खरं काम राहूनच गेलं.

धा धातूचं द्वित्व केलं तर 'धधाति' व्हायला हवं, होतं 'दधाति'. भृ चं 'बिभर्ति', भी चं 'बिभेति'. दोन महाप्राण (ध, भ यांसारखे 'ह' मिसळलेले वर्ण) लागोपाठ आले की पहिला आपला श्वास सोडून देतो. पाणिनीने 'अभ्यासे चर्च' या सूत्रात अभ्यासापुरतं, म्हणजे द्वित्वातल्या पहिल्या भागापुरतं, हे सांगितलेलंच आहे. ग्रासमनने १८६३ मध्ये दाखवलं की हे धातूंच्या पोटातही घडून गेलं आहे, आणि ग्रीकमध्येही वेगळं घडलं आहे. आपला 'बन्ध्' धातू घ्या, ज्यावरून मराठीत बांधणे आलं. त्याचं जर्मन भावंड 'बिंडन'. जर्मन भाषांच्या नियमाप्रमाणे संस्कृत 'ब'समोर तिकडे 'प' हवा, पण आहे 'ब'. मग हा अपवाद का? ग्रासमन म्हणाले, अपवाद नाहीच, मुळात धातू 'भन्ध्' होता. पुढच्या 'ध'पायी 'भ'चा 'ब' झाला.

तिने लगेच विचारलं, याला पुरावा काय? मी म्हटलं, भविष्यकाळ चालव. तिने फळ्यावर जाऊन लिहिलं, 'भन्त्स्यति'. 'ध'चा 'त' झाला आणि लपलेला 'भ' बाहेर आला. खडू हातात तसाच धरून ती बराच वेळ त्या एका अक्षराकडे बघत होती.